पन्हाळा ते पावनखिंड, सगळ्यांच्या मागून

आषाढात पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे ज्या मोहिमा निघतात, त्यात कोल्हापूर, सांगली, पुणे, कुठकुठली माणसं असतात. शाळकरी पोरं असतात, तालमीतले पैलवान असतात, साठी ओलांडलेले काका असतात. या सगळ्यांनी मला मागं टाकलं. टाकणार हे ठाऊक होतंच, म्हणून तर जाहिरात पाठीवर लावली होती. पिवळ्या रेनकोटच्या पाठीवर दादाने काळ्या ऑइलपेंटने लिहून दिलं होतं: ‘मॅकआर्डल. स्नायूंचा आजार. हळू चालते, थांबते, पण पोचते. विचारा!’ उद्गारचिन्ह त्याचं. मला ते जरा अति वाटलं, पण रंग वाळला होता.

आम्ही राजदिंडीतून उतरलो. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज सिद्दी जौहरचा वेढा फोडून याच वाटेने विशाळगडाकडे निघाले. शिवा काशीद दुसऱ्या पालखीत बसून शत्रूच्या हाती गेले, बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे घोडखिंडीत उभे राहिले. हे आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. मला मात्र त्या वाटेवर सारखे आठवत होते ते पालखीचे भोई. रात्रभर, पावसात, चिखलात, खांद्यावर ओझं घेऊन धावणारी माणसं. त्यांची नावं कुणी विचारत नाही.

उताराचं मला फार काही वाटत नाही. गुडघे कुरकुरतात, ते सगळ्यांचेच. म्हाळुंग्यापासून मसाईच्या पठाराकडे वाट वर वळते, तिथे माझं खरं काम सुरू होतं. आपले स्नायू साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात जवळ बाळगतात आणि जोर लागला की तो फोडून वापरतात. फोडायला मायोफॉस्फोरायलेज नावाचं एन्झाइम लागतं, ते माझ्या स्नायूंत नाही. कोठार भरलेलं आणि किल्ली हरवलेली, असा प्रकार. पहिले काही सेकंद स्नायूतल्या तयार ऊर्जेवर निघतात. त्यानंतरची आठ-दहा मिनिटं पायांची निव्वळ उपासमार असते. तोवर यकृताने सोडलेली साखर आणि शरीरातली चरबी रक्तातून पायांपर्यंत पोचायला लागते, आणि पाय सुटतात. डॉक्टर याला ‘सेकंड विंड’ म्हणतात.

ही आठ-दहा मिनिटं कशी काढायची, एवढंच शिकायचं असतं. वीस पावलं टाकायची, मांडी जड व्हायला लागली की थांबायचं. दुखायच्या आधी थांबायचं, दुखल्यावर नाही. उभ्यानेच दम खायचा, पुन्हा वीस पावलं. मनगटावरच्या घड्याळात ठोके १४० च्या वर गेलेले दिसत होते आणि मी चालत होते ती चाल देवळाला प्रदक्षिणा घालायची. मागून येणाऱ्यांच्या बुटांचा पचक-पचक आवाज, मग ‘जय शिवराय ताई’, मग पाठीवरचं वाचताना क्षणभर थांबलेली चाल. काही जण तोंडातल्या तोंडात ‘मॅक... आर्डल’ असं जुळवत पुढे गेले. एक काका म्हणाले, ‘‘सवय झाली की होईल बघा, स्टॅमिना वाढवायला पाहिजे.’’

हे मी पाचवीपासून ऐकतेय. पीटीच्या तासाला मैदानाच्या दुसऱ्या फेरीत माझ्या पोटऱ्यांत गोळे यायचे आणि मी बसायचे. सोंगाडी, आळशी, नाजूक, सगळी विशेषणं मिळाली. गंमत म्हणजे थोडं बसून उठले की मी इतरांबरोबर चालायचे, त्यामुळे सोंगाचा पुरावाच मिळायचा. पुढे रक्तात एसजीओटी हे एन्झाइम (यकृताच्या तपासणीत पाहतात ते) वाढलेलं सापडलं, म्हणून कितीतरी दिवस यकृताची औषधं घेतली. ते एन्झाइम स्नायू तुटल्यावरही रक्तात येतं, हा विचार कुणी केला नाही. स्नायू तुटले की रक्तात वाढणारं क्रिएटिन कायनेज, म्हणजे सीके, तपासलं ते तिशी उलटल्यावर. मग जनुकाची तपासणी झाली आणि आजाराला नाव मिळालं. ब्रायन मॅकआर्डल या डॉक्टरांनी लंडनमध्ये १९५१ साली त्याचं वर्णन केलं होतं. म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी पुस्तकात होतं सगळं. आई-बाबा दोघांकडून सदोष जनुक आलं तरच हा आजार होतो. दादा सुटला, मी सापडले. तो याची भरपाई पाणी वाहून करतो.

पठाराच्या कडेला पोचलो तेव्हा ठोके उतरून ११० वर आले होते आणि पाय माझे झाले होते. मसाईचं पठार पावसात पाहावं. मैलोगणती सपाट, गवताने हिरवंगार, आणि ढग असे खाली उतरलेले की पुढच्या माणसाची छत्री दिसते, माणूस दिसत नाही. मसाईच्या देवळाशी वारा एवढा होता की रेनकोट फडफडून पाठीवरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. सपाटीवर मी कुणालाही हार जात नाही. ‘सवय’वाल्या काकांना तिथेच गाठलं आणि मागं टाकलं. त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही असं म्हणणार होते, पण पाहिलं.

कुंभारवाडीत एका घराच्या पडवीत टेकलो. आजींनी आधी पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. ‘‘काय गं बाई, दमलीस व्हय? जीप बोलवा की हिला,’’ असं दादाला. मी म्हटलं, ‘‘दमले नाही आजी, पुढं चढ आहे, त्याच्या आधी बसतेय.’’ त्यांनी मान हलवली आणि च्या आणला, जिभेला चिकटेल इतका गोड. त्यांना कल्पना नव्हती, पण माझ्यासाठी ते औषधच. चढ सुरू व्हायच्या जरा आधी साखर पोटात गेली की रक्तातून ती स्नायूंना आयती मिळते आणि ती पहिली वाईट मिनिटं सुसह्य होतात. यावर रीतसर संशोधन झालेलं आहे. पण प्रत्येक टेकाडाला साखर खात सुटलं तर वजन वाढतं आणि ते वाहायचं याच पायांनी, म्हणून मी गूळ-शेंगदाण्याची पुडी खिशात ठेवते आणि जपून उघडते.

खोतवाडी, मांडलाईवाडी, भाताची खाचरं, बांधावरून तोल सावरत एकामागून एक. लाल चिखल बूट ओढून घेतो. रुतलेला पाय एका झटक्यात उपसणं मला वर्ज्य, कारण असा जोर काही सेकंदांपलीकडे लावला की मांडीचा स्नायू आखडून दगड होतो आणि मग तासन् तास सुटत नाही. मी काठी रोवून, टाच फिरवत, बूट हळूहळू सोडवत होते. बघणाऱ्याला वाटावं, बाई काही शोधतेय.

मुक्काम करपेवाडीत. सगळे पिठलं-भातावर तुटून पडले होते आणि मी गोठ्यामागे प्लॅस्टिकचा पारदर्शक पेला आणि टॉर्च घेऊन. लघवीचा रंग पाहणे हा माझा रोजचा संध्याकाळचा कार्यक्रम. स्नायू फार तुटले तर त्यातलं मायोग्लोबिन मूत्रपिंडातून बाहेर पडतं आणि लघवी कोऱ्या चहासारखी, जास्त झालं तर कोकाकोलासारखी होते. मूत्रपिंडं बंद पडू शकतात. तसं दिसलं की मोहीम तिथेच संपली, थेट हॉस्पिटल. पेल्यातलं फिकट पिवळं होतं. दोन वेळा भात घेतला.

सकाळी आम्ही इतरांच्या आधी, अंधारातच निघालो, आणि आंबेवाडीच्या पुढे एका ओढ्यावर ते सगळे आम्हाला येऊन मिळाले. पाणी गुडघ्याच्या वर, दोर बांधलेला, रांग लागलेली. मागे उभ्या असलेल्या कान मोडलेल्या पोराने माझी पाठ सावकाश वाचली. ‘‘ताई, विचारा म्हटलंय म्हणून विचारतो. हे नेमकं काय असतंय?’’ मी सांगितलं. चहाच्या रंगापाशी आल्यावर तो थांबवून म्हणाला, ‘‘आमच्या तालमीत एकाला झालेलं. नवा पोरगा होता, पैज लावून बैठका मारल्या, दुसऱ्या दिवशी लघवी लाल. वस्ताद म्हणाले उष्णता झाली, ताक पाजलं.’’

‘‘आणि?’’

‘‘आणि काय, आठवडाभर पाय टेकवत नव्हता. मग बरा झाला.’’

मी त्याला सांगितलं की असं धडधाकट माणसालाही होतं, अंगाबाहेर मेहनत केली की. त्याला मॅकआर्डलच असेल असं मुळीच नाही, हा आजार लाखात एखाद्याला. पण लाल लघवीवर ताक हा इलाज नव्हे. त्याच दिवशी डॉक्टर, रक्तात सीके, आणि मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन. आणि पुन्हा पुन्हा होत असेल, लहानपणापासून पळताना गोळे येत असतील, तर स्नायूंच्या आजारांचा विचार कर म्हणायचं डॉक्टरला. त्याने मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढला, भर पावसात ‘सीके’ टाइप केलं आणि विचारलं, ‘‘स्पेलिंग एवढंच?’’ एवढंच.

ट्रेकिंगच्या आपल्या जगात ‘जिद्द’ हा शब्द फार स्वस्त झालाय. दुखलं तरी थांबू नका, रडत का होईना पण चढा. माझ्यासारख्याने ते मनावर घेतलं तर डायलिसिसवर जाईल. रांगेत पंधरा जण खोळंबलेले असताना ‘मी आत्ता थांबणार’ म्हणायला मला तरी चढण्यापेक्षा जास्त बळ लागतं. ब्रिटनमध्ये या आजाराच्या लोकांना डोंगरात नेऊन चालायला शिकवतात, सेकंड विंड कशी आणायची ते दाखवतात. आपल्याकडे मी हे दादाला घेऊन कात्रजच्या टेकडीवर शिकले, इंटरनेटवर वाचून आणि डॉक्टरांना विचारून.

मालेवाडीच्या पुढे जंगल, मग पांढरपाणी, आणि तिथून खिंड. दुपार कलली होती. खिंडीत उतरायला लोखंडी जिना आहे. तो उतरणं सोपं, पण परत चढावं लागतं, म्हणून मी वरच थांबून हिशेब केला, गुळाचा शेवटचा खडा तोंडात टाकला आणि उतरले. खाली पाणी दणाणत होतं, ढोल वाजत होता, कुणीतरी भगवा नाचवत होतं. चढताना चार पायऱ्या, थांबा, चार पायऱ्या. मागून ‘चला की ओ’ असा आवाज आला, तर तो कान मोडलेला पोरगा खालून ओरडला, ‘‘गप रे, पाठ वाच की!’’

विशाळगडापर्यंत चालायचा माझा बेत नव्हताच. मलकापूरला जाणाऱ्या जीपमध्ये ओले कपडे, ओले बूट आणि चौदा माणसं. दादा म्हणाला, पुढच्या वर्षी राजगड-तोरणा करू. मी म्हटलं, आधी तोरण्याची सगळ्यात कमी उभी वाट कुठली ते शोधून ठेव, मग बोल.