तुम्ही विचारलंत म्हणून: नगरसेवकाला वर पाठवायचंच कशाला?

“काकू, माणूस नगरसेवक असतो तोवर आपला असतो. आमदार झाला की फोन उचलत नाही, मंत्री झाला की टीव्हीवरच दिसतो. मग त्याला वर पाठवायचंच कशाला?”

गोरेगावात एका नगरसेवकाच्या कार्यालयात मी बावीस वर्षं लोकांचे अर्ज लिहून दिले. पगारावर नव्हते. नोकरी सांभाळून संध्याकाळी जायचे. ते नगरसेवक पुढे आमदार झाले आणि काही काळ राज्यमंत्रीही. त्यामुळे बचत गटाच्या बैठकीत, लग्नात, अगदी रिक्षाच्या रांगेतही हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. उभ्या उभ्या दोन वाक्यांत त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून आज लिहायला बसले.

आमची वस्ती टेकडीच्या अंगाला. पाणी पहाटे साडेचारला यायचं आणि वरच्या चाळींत जेमतेम पंचवीस मिनिटं टिकायचं. खालच्या लोकांचे पिंप भरले की वर करंगळीएवढी धार. त्या काळात आमच्यासाठी मुंबईतला सगळ्यात मोठा माणूस होता चावीवाला. महापालिकेचा हा कर्मचारी लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून यायचा, रस्त्यातलं झाकण उचलायचा आणि व्हॉल्व्हचे आटे मोजत फिरवायचा. दोन आटे जास्त फिरले की वरच्या चाळीत कळशी भरायची. भाऊ (नगरसेवक असताना त्यांना सगळे भाऊच म्हणत) पहिल्या निवडणुकीनंतर दोन महिने रोज पहाटे त्या झाकणापाशी उभे राहिले. पाणी अर्धा तास वाढलं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याचं मोल मी कधीच कमी लेखणार नाही.

पण अर्ध्या तासाच्या पुढे काही सरकेना. नवी जलवाहिनी टाकायची तर मधला तुकडा सरकारी जमिनीचा, त्याला ना हरकत दाखला हवा, आणि तो महापालिकेच्या हातात नाही. टेकडीच्या वरच्या टोकाला जी घरं नंतर उभी राहिली, त्यांना नळजोडणीच मिळेना, कारण झोपडीच्या पुराव्याची तारीख राज्य सरकारने ठरवलेली. आधी १ जानेवारी १९९५, पुढे १ जानेवारी २०००. त्यानंतरच्या माणसांना तहान लागत नाही असा त्याचा अर्थ होत होता. पाणी हक्क समिती उच्च न्यायालयात गेली, तेव्हा कुठे २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की घर अनधिकृत असलं तरी पाणी नाकारता येणार नाही. तोवर मी लिहिलेल्या अर्जांना एकच उत्तर यायचं: धोरणात बसत नाही.

मुंबईची घडीच अशी आहे. महापालिका १८८८ च्या कायद्यावर चालते, आणि त्यात अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे. आयुक्त नेमतं राज्य सरकार. महापौरांची गाडी मोठी, मान मोठा, पण आयुक्तांचा हात धरून सही करून घेण्याचा अधिकार त्यांनाही नाही. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण १९९५ मध्ये आलं, तेही राज्याचं. म्हणजे गटार, दिवा, कचरा यांसाठी नगरसेवक. जमीन, तारीख, धोरण यांसाठी मंत्रालय. आमच्या झाकणाची चावी चावीवाल्याकडे होती, पण त्या झाकणाखाली पाइप कुठला असावा हे फोर्टच्या पलीकडे ठरत होतं.

म्हणून भाऊंना वर पाठवायला हवं असं म्हणणाऱ्यांत मीही होते. त्यातच आरक्षणाची सोडत निघाली आणि आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. बाहेरच्यांना हे कळत नाही, पण मुंबईतल्या कितीतरी राजकीय प्रवासांना वळण लागतं ते त्या चिठ्ठीने. पाच वर्षं जोपासलेला वॉर्ड एका सकाळी हातचा जातो. मग घरातल्या बाईला उभं करायचं, शेजारचा वॉर्ड शोधायचा, नाहीतर विधानसभेचं तिकीट मागायचं. भाऊंनी तिकीट मागितलं.

ते निवडून आले आणि पहिल्याच आठवड्यात लोक त्यांना ‘साहेब’ म्हणू लागले. त्यांनी कुणाला तसं सांगितलं नव्हतं, हे मला मुद्दाम नोंदवायचंय. आपणच त्यांना दूर सारतो. शिवाय हिशेब बघा: मुंबईत वॉर्ड २२७ आणि आमदार ३६. म्हणजे एका आमदाराकडे सहाच्या वर वॉर्ड. कालपर्यंत ज्या माणसाचा अख्खा दिवस आमचा होता, त्याच्या दिवसाचे सहा वाटे झाले. आमच्या चाळीत त्यालाच ‘विसरला’ म्हणत. मी तेव्हाही भांडायचे आणि आजही भांडेन.

तर मग बघायचं काय? मी एकच बघते. माणूस वर जाताना कुठला प्रश्न सोबत घेऊन गेला.

हे मला माझ्या आईने शिकवलं. ती मृणालताई गोऱ्यांच्या मोर्च्यांत असायची. गोरेगाव १९५७ साली मुंबई महापालिकेत आलं, त्याआधी इथे ग्रामपंचायत होती, आणि ताईंचं काम तिथपासूनचं. १९६१ मध्ये त्या नगरसेविका झाल्या आणि पाण्यासाठी अशा भांडल्या की ‘पाणीवाली बाई’ हेच नाव पडलं. १९७२ मध्ये आमदार. त्याच साली महागाईविरोधात बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्यांच्या पुढे अहिल्याताई रांगणेकरांबरोबर मृणालताई होत्या. आईचं ते लाटणं पुढे कितीतरी वर्षं आमच्या पोळपाटावर होतं, एका टोकाला चीर गेलेलं. आणीबाणीत ताई तुरुंगात गेल्या. १९७७ मध्ये त्या खासदार झाल्या तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा आमच्या गल्लीतली पोरं खेळताना म्हणायची. १९८५ मध्ये पुन्हा विधानसभेत, पुढे तिथे विरोधी पक्षनेत्या. गर्भलिंग चाचणीचा विषय त्यांनी तिथे लावून धरला, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने त्यावर कायदा केला, देशात सर्वांत आधी. दिंडोशीला ‘नागरी निवारा’ या गृहप्रकल्पाची सहा हजारांहून जास्त घरं उभी राहिली, तीही कमाल जमीन धारणा कायद्याचा आधार घेऊन सरकारशी झगडल्यामुळे. पाणी, धान्य, बाई, घर. पद बदललं तरी माणसं तीच आणि प्रश्न त्याच घरांतले.

मुंबईतून वर गेलेले आणखी आहेत. मनोहर जोशी १९७६ मध्ये महापौर आणि १९९५ मध्ये मुख्यमंत्री. छगन भुजबळ नगरसेवक, महापौर, मग उपमुख्यमंत्री. त्यांच्याविषयी त्यांच्या वॉर्डातल्या माणसांनी लिहावं. मी गोरेगावपुरतं बोलते.

आमच्या साहेबांकडे मी वही घेऊन मंत्रालयात गेले होते. खिडकीवर पास काढला, दोन तास बाकावर बसले. वहीत दहा वर्षांचे जावक क्रमांक होते, प्रत्येकापुढे पोच मिळाल्याची तारीख. त्यांनी ती वही शेवटपर्यंत चाळली आणि समोरच महसूल खात्यात फोन लावला. आमदारकीच्या तिसऱ्या वर्षी त्या जमिनीचा दाखला मिळाला, पुढच्या उन्हाळ्यात वाहिनी पडली. नगरसेवक राहिले असते तर हे झालं नसतं. यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

पुढे ते राज्यमंत्री झाले आणि वरच्या टोकाच्या घरांचा, तारखेच्या पलीकडच्या माणसांचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. खातं वेगळं आहे, म्हणाले. खातं वेगळं होतं हे खरं, पण ज्या पायऱ्यांवरून ते हात जोडत वर आले होते, त्याच पायऱ्यांवर ती घरं होती. न्यायालयाचा निकाल आला तेव्हा अर्ज पुन्हा मलाच लिहावे लागले. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय आणि अजून माफ केलेलं नाही.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं प्रशासकच होते. त्या काळात गटाराच्या झाकणासाठीही बायका आमदाराच्या दारात उभ्या राहिल्या. वर माणूस असून भागत नाही, खाली झाकणापाशी पहाटे उभं राहणारंही कुणीतरी लागतं, हे तेव्हा सगळ्यांनाच कळलं.

वही अजून माझ्याकडे आहे. गेल्या शनिवारी वरच्या टोकाच्या दोन मुली आल्या होत्या, नळाला माती येते म्हणून. अर्ज त्यांनीच लिहिला, मी फक्त दोन ओळी सुधारल्या. निघताना विचारलं, “प्रती किती काढल्या?” तीन, म्हणाल्या: वॉर्डाला एक, आमदाराला एक, आणि पोच घ्यायला एक.