भुसावळचा मे महिना आणि चॉकलेट फाँड्यू

भुसावळात मे महिन्यात चॉकलेटचा एकच पदार्थ करावा, तो म्हणजे फाँड्यू, म्हणजे पातळ केलेल्या चॉकलेटात फळाच्या फोडी बुडवून खायचं. केकवर चॉकलेटचा थर द्यायला जा, तो घसरतो. साच्यातली चॉकलेटं करा, ती फ्रीजमधून ताटलीत येईपर्यंत पाघळतात. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि आमच्याकडे बाहेर ४४-४५ असताना घरात पंख्याखालीसुद्धा त्याहून जास्तच असतं. मग जे आपण होऊन वितळायला बसलंय त्याला वितळू द्यावं आणि त्यात केळी बुडवून खावीत, हे माझं साधं गणित.

फाँड्यू म्हटलं की लोकांना बर्फ, शेकोटी आणि स्वित्झर्लंड आठवतं. ते चीजचं खरं. चॉकलेटचं फाँड्यू मात्र १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये कॉनराड एग्ली नावाच्या स्विस माणसानं आपल्या रेस्टॉरंटमध्ये सुरू केलं. म्हणजे हे काही आल्प्सच्या आजीबाईंचं पिढ्यान्‌पिढ्यांचं सोवळं नाही. आपण भुसावळात त्याच्याशी हवं ते करायला मोकळे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत नणंद मुलांना घेऊन पुण्याहून येते. येताना कुणीतरी परदेशातून आणलेली चॉकलेटं सोबत असतात. ती गाडीत वितळतात, आमच्या फ्रीजमध्ये पुन्हा घट्ट होतात आणि त्यांच्यावर पांढुरके डाग पडतात. ताई दरवर्षी विचारते, "वहिनी, बुरशी आली का गं? टाकून देऊ?" बुरशी नसते ती. वितळलेलं कोको बटर वर येऊन पुन्हा गोठलं की असा पांढरा पट्टा धरतो. नुसतं खाताना ते जरा भुसभुशीत लागतं एवढंच. वितळवलं की डाग गेले. त्यामुळे फाँड्यूला मी नवीन चॉकलेट आणतच नाही, हीच मोडकी-वाकडी वापरते. विकत आणायचं झालंच तर पाकिटामागचं बारीक अक्षर वाचून घ्या. बेकरीच्या सामानाच्या दुकानात सहसा कंपाउंडची लादी पुढे करतात. तिच्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तूप असतं, ते जिभेवर मेणासारखं बसतं.

डबल बॉयलर, म्हणजे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर दुसरं भांडं, वगैरे काही मांडायचं नाही. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट सुरीनं अगदी बारीक चिरायचं, मोठा तुकडा राहता कामा नये. जाड बुडाच्या पातेलीत पाकिटातलं १५० मिली क्रीम तापवायचं आणि कडेला बुडबुडे दिसले की गॅस बंद. उकळी नको. ते चॉकलेटवर ओतायचं आणि दोन मिनिटं हात लावायचा नाही. हे दोन मिनिटं थांबणंच सगळ्यात अवघड, कारण तोवर पोरं चमचे घेऊन उभी असतात. मग मधोमध चमचा धरून लहान लहान गोल फिरवायचे. आधी सगळं फाटल्यासारखं दिसतं आणि मग अचानक मधून एक काळाभोर चकचकीत डाग सुरू होऊन कडेपर्यंत पसरत जातो. चिमूटभर मीठ, चमचाभर लोणी, झालं. मिल्क चॉकलेट असेल तर क्रीम १०० मिली पुरे. घरची साय मात्र नको, ती तापली की तुपाचे थेंब सुटतात.

क्रीमशिवाय नुसतं चॉकलेट वितळवत असाल तर पाण्यापासून जपा. माझ्या भाच्यानं ओला चमचा घातला आणि अख्खं चॉकलेट रवाळ गोळा होऊन बसलं. पाण्याच्या दोन थेंबांनी त्यातली साखर आणि कोको एकमेकांना चिकटतात. गंमत म्हणजे त्यावर इलाजही पातळ पदार्थाचाच. गरम दूध चमचा-चमचा घालून घोटत राहिलं की गोळा सुटतो. थोडं पाणी बिघडवतं, जास्त पाणी सुधारतं.

बुडवायला केळीच. जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात माहेर असलेल्या बाईनं या कामासाठी स्ट्रॉबेरी शोधत फिरणं मला शोभणार नाही. पण केळं निवडून घ्यावं लागतं. सालीवर काळे ठिपके आलेलं गोड लागतं खरं, पण काडीवरून सुटून चॉकलेटात बुडी मारतं. साल पिवळी आणि देठाला किंचित हिरवट असं हवं. न सोलता फ्रीजमध्ये गार करायचं आणि आयत्या वेळी चिरायचं. गार फोडीवर चॉकलेट लगेच साय धरतं. कलिंगड, खरबूज नको, त्यांना पाणी सुटतं. द्राक्षं चालतात, फडक्यानं कोरडी पुसून. आंब्याला मी हात लावू देत नाही, तो रसासाठी आहे.

सासूबाईंनी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा म्हणाल्या, "काय व माय, केयाले कोठे चॉकलेट लावता?" आणि हातातला केळ्याचा खारा वेफर त्यात बुडवून बघितला. आमच्या घरात तेव्हापासून वेफर्स पहिले संपतात. जाड, पिवळे, त्याच दिवशी तळलेले हवेत. पाकिटातले मसालेदार नकोत. ह्यांनी एकदा आदल्या दिवशीच्या वरण-बट्टीतल्या तळलेल्या बट्टीचे तुकडेही बुडवले. बट्टीचा कुरकुरीतपणा छान लागला, पण तिच्यातला ओवा आणि चॉकलेट यांचं काही जमलं नाही. ओवा न घालता थोड्या बट्ट्या वेगळ्या कराव्यात म्हणजे मजा येईल.

खाली मेणबत्ती लावायचं ते खास भांडं ताईकडे आहे, डब्यातच पडून असतं म्हणे. आमच्याकडे वाटी टेबलावर ठेवली की पातळच राहते, लाइट गेली तर आणखीनच. डिसेंबरात करायचं असेल तर गरम पाण्याच्या परातीत वाटी ठेवा, काठावरून पाणी आत येणार नाही एवढं बघून. मात्र क्रीम घातलेलं असल्यामुळे उन्हाळ्यात ते तासन्‌तास बाहेर ठेवू नका, तासाभरात संपवा. उरलंच तर झाकून फ्रीजमध्ये. सकाळी त्यातला घट्ट झालेला चमचाभर गोळा गरम दुधात ढवळून पोरांना द्यायचा.