बागायतदारांच्या शँपेनची वही: 2018, 2019 आणि यादीत नसलेलं 2021

बारापैकी सात बाटल्या उघडून झाल्या. या हिवाळ्यात फक्त छोट्या बागायतदारांच्या, साल छापलेल्या शँपेन उघडायच्या, त्याही 2018 आणि 2019 या दोनच सालांच्या, असं ऑक्टोबरात ठरवलं होतं. वहीत रकाने आखून ठेवले होते. तिसऱ्या बाटलीला यादी मोडली आणि सातव्या बाटलीनंतर रकानेच बदलावे लागले. ते का, हे लिहायला आज बसलोय.

ज्यांनी ही वही आधी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडं. मी ब्रसेल्सला राहतो. फ्रान्सच्या शँपेन प्रांतातल्या रँस शहरापर्यंत गाडीने अडीच तास लागतात. आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, खायच्या द्राक्षांची, थॉमसन. त्यामुळे बाटली हातात आली की मी आधी लेबलच्या तळाशी मुंगीएवढी छापलेली दोन अक्षरं शोधतो: 'आरएम'. म्हणजे स्वतःच्या बागेतली द्राक्षं स्वतःच गाळून शँपेन करणारा माणूस. बाहेरून फार तर पाच टक्के माल घ्यायची त्याला मुभा असते. 'एनएम' असेल तर द्राक्षं विकत घेणारी कंपनी. या दोन अक्षरांमागे जुनं दुखणं आहे. 1911 साली व्यापारी बाहेरून स्वस्त द्राक्षं आणून शँपेन म्हणून विकतायत म्हणून तिथले बागायतदार रस्त्यावर उतरले. एप्रिलात एका गावात व्यापाऱ्यांची तळघरं आणि वाडे पेटवले गेले. त्या गावाचं नाव आई. उच्चार अगदी आपल्या आईसारखाच. पहिल्यांदा पाटी पाहिली तेव्हा मी गाडी थांबवली होती.

सालाचा नियम सोपा आहे. साध्या शँपेनला बाटलीत भरल्यापासून पंधरा महिने तळघरात ठेवलं की विकता येतं. लेबलवर साल छापायचं असेल तर किमान तीन वर्षं, आणि द्राक्षं सगळी त्याच हंगामाची. मोठ्या कंपनीकडे पन्नास गावांचा माल आणि मागच्या दहा वर्षांचा साठा असतो. एका गावी पाऊस झोडपून गेला तर दुसऱ्या गावचा माल घालून भागवता येतं. पाच हेक्टरवाल्याने साल छापलं, की त्या वर्षी त्याच्या बागेत जे झालं ते सगळं बाटलीत येतं. मला तेच वाचायचं असतं.

पहिली बाटली: आग्रापार, 'मिनेराल', 2018.

आवीझ आणि क्रामाँ या दोन गावांतल्या खडूच्या जमिनीवरचं शार्दोने, म्हणजे एक पांढरं द्राक्ष. आग्रापार हे बागायतदार घराणं आवीझमधल्या एका तुकड्यावर घोड्याने नांगरट करतं आणि त्या तुकड्याच्या शँपेनला घोडीचं नाव दिलंय, 'व्हेन्यूस'. ती माझ्या आवाक्याबाहेरची आहे. 'मिनेराल' मात्र दरवर्षी एक घेतोच.

2018 हे भरघोस साल. उन्हाळा कडक, ऑगस्टच्या विसाव्या तारखेच्या आसपासच तोडणी सुरू झालेली, वेलींवर घडच घड. हेक्टरी 10,800 किलो माल घ्यायला त्या वर्षी परवानगी होती आणि बऱ्याच बागांत त्याहून कितीतरी जास्त पिकलं होतं. निफाडला बाग सांभाळणाऱ्या अण्णांना फोनवर हा आकडा सांगितला. त्यांनी मनातल्या मनात एकर केलं आणि म्हणाले, "चव्वेचाळीस क्विंटल? अन् याला भरघोस म्हणतात?" किलोला सहा-सात युरो भाव मिळतो म्हटल्यावर बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मग घड विरळत असतील ते."

अण्णांना वाइनचा गंध नाही, ते माळकरी आहेत. पण 2018 चा प्रश्न त्यांनी एका वाक्यात पकडला. ज्यांनी घड विरळले त्यांची 2018 घट्ट आहे, ज्यांनी वेलीला लागलं तेवढं ठेवलं त्यांची पसरट. 'मिनेराल' पहिल्या गटातली. पहिल्या घोटाला पिकलेलं पेर, मग पाटीवरचा ओला खडू, आणि शेवटी जिभेच्या कडांना मिठाची हलकी कणी. अर्धी बाटली दुसऱ्या दिवसासाठी ठेवली, ती आणखी चांगली लागली.

दुसरी: विलमार, 'ग्राँ सेलिए दॉर', 2018. गाव रिली-ला-मोंतान्य.

ही मुद्दाम पहिलीच्या पाठोपाठ उघडली. उष्ण सालात द्राक्षाची आंबटाई उतरते. शँपेनमध्ये बरेच जण वाइनला दुसरं रूपांतर होऊ देतात, ज्यात हिरव्या सफरचंदासारखी तीक्ष्ण आंबटाई जाऊन दह्यासारखी मऊ आंबटाई येते. विलमारकडे ते होऊ देत नाहीत. वाइन ओकच्या पिंपांत ठेवतात, पण आंबटाईला हात लावत नाहीत. 2018 सारख्या सालात त्याचा फायदा सरळ जिभेवर कळतो. वास नानकटाईचा, भाजलेल्या बदामाचा, आणि चव लिंबाच्या सालीसारखी धारदार. पहिल्या दोन बाटल्यांतली मी हीच पुन्हा घेईन.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ग्लासाबद्दल दोघांनी विचारलं होतं. मी उंच निमुळता ग्लास वापरणं बंद केलंय. साधा पांढऱ्या वाइनचा ग्लास, एक तृतीयांश भरलेला. निमुळत्या ग्लासात बुडबुडे छान दिसतात, वास मात्र अडकून बसतो. आणि फार गारही नको. फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटं ओट्यावर ठेवा.

तिसरी बाटली वाया गेली. एका दुकानातून घेतली होती, 2018 चीच, शार्दोनेची. दुकानदाराने ती दर्शनी काचेत ट्यूबलाइटखाली किती महिने उभी ठेवली होती कोण जाणे. उघडली आणि घरभर शिजलेल्या कोबीचा वास. प्रकाशाने शँपेन अशी नासते. पारदर्शक बाटलीतली सर्वांत लवकर, आणि शार्दोने तर जास्तच हळवं. बागायतदाराचा यात काही दोष नाही म्हणून त्याचं नाव लिहीत नाही. तीन वर्षं तळघराच्या अंधारात सांभाळलेली वस्तू शेवटच्या टप्प्यावर अशी जावी याचं फार वाईट वाटलं. तेव्हापासून दुकानात पुढची बाटली घेत नाही. खोक्यातली काढून द्या म्हणतो.

चौथी: प्रेव्हो, 'ला क्लोझरी, ले बेगीन'. लेबलवर 'एलसी19'.

कायद्याने ही साल छापलेली शँपेन नव्हे, कारण ती तीन वर्षं पुरी व्हायच्या आत बाजारात येते. पण त्या '19' वरून मुख्य साल कळतं, म्हणून यादीत घेतली. ग्यू गावातला दोन हेक्टरच्या आसपासचा एक तुकडा, आजीकडून आलेला, जवळजवळ सगळा मनिए जातीचा. जेरोम प्रेव्हो यांनी सुरुवातीची काही वर्षं आवीझचे नावाजलेले बागायतदार अॅन्सेल्म सेलोस यांच्या तळघरात वाइन केली. मनिएला पूर्वी दुय्यम धरायचे, कंपन्यांच्या मिश्रणात भरीला घालायचे. ही प्यायल्यावर ते पटत नाही. संत्र्याची वाळवलेली साल, थोडी बडीशेप, ओल्या मातीचा वास, आणि तोंडात एक वजन.

2019 च्या जुलैत पॅरिसला पारा 42.6 अंशांवर गेला होता. शँपेनमध्येही उन्हाच्या बाजूचे मणी वेलीवरच भाजून निघाले. तरी बागायतदार या सालावर खूश आहेत, कारण उरलेल्या मालात साखर आणि आंबटाई दोन्ही चढी राहिली. असं क्वचित होतं. एरवी एक चढली की दुसरी उतरते.

पाचवी: मार्क हेब्रार, 'स्पेशल क्लब', 2019, मारय-स्युर-आईची. 'स्पेशल क्लब' ही 1971 मध्ये काही बागायतदारांनी एकत्र येऊन सुरू केलेली गोष्ट. सगळ्यांची बाटली एकाच आकाराची, बुटकी, रुंद खांद्यांची. वाइन दोनदा चाखली जाते, एकदा फेस यायच्या आधी आणि एकदा बाटलीत तीन वर्षं मुरल्यावर. उत्तम आहे, पण मी घाई केली. अजून चार वर्षं हवीत. दुसरी बाटली घेऊन ठेवतोय.

सहावी: लार्माँदिए-बेर्निए, 'तेर द वेर्त्यू', 2018. साखर अजिबात न घातलेली. पहिल्या दिवशी बंद मुठीसारखी, तिसऱ्या दिवशी पहिल्या पावसात भिजलेल्या चुन्याच्या भिंतीसारखी. एवढीच नोंद आहे आणि ती पुरेशी आहे.

आता सातवी.

नोव्हेंबरच्या शेवटी मार्न नदीच्या खोऱ्यातल्या एका बाईंकडे गेलो होतो. नवरा-बायको आणि एक मुलगा, जेमतेम पाच हेक्टर. 2019 घ्यायला गेलो, ती मिळाली. निघताना बाईंनी विचारलं, "2021 नको का तुम्हाला?" मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. 2021 ची साल छापलेली शँपेन फार कमी जणांनी केलीय. एप्रिलात बर्फाळ रात्री आल्या आणि नुकते फुटलेले कोंब काळे पडले. त्यातच सुमारे तीस टक्के पीक गेलं. पुढे गारपीट. मग उन्हाळाभर पाऊस आणि त्यावर डाऊनी. निफाडच्या माणसाला डाऊनी समजावून सांगावी लागत नाही. पानाच्या वरच्या बाजूला तेलाचा डाग पडतो, खाली पांढरी बुरशी येते, आणि फुलोऱ्यात शिरली की घडच्या घड वाळून जातो.

बाईंनी मला बागेत नेलं. उताराच्या मधल्या पट्ट्यातल्या दहा-बारा ओळी दाखवल्या. वाऱ्यामुळे तेवढ्याच सुकत राहिल्या, तेवढ्याच वाचल्या. एप्रिलातल्या त्या रात्री ओळींमधून मेणाचे डबे पेटवत फिरल्याचं सांगत होत्या. मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता, पहाटेपर्यंत डबे वाहत होता. मी त्यांना आमच्याकडच्या शेकोट्यांचं सांगितलं. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरतो, मणी तडकतात, म्हणून आम्ही रात्रभर बागेच्या कडेने पाचट आणि काड्या पेटवतो. बाई थांबल्या. म्हणाल्या, "म्हणजे धुराचा वास तुमच्याही कपड्यांना येतो तर." मग पैसे घ्यायला तयार होईनात. मोठ्या मिनतवारीने एका बाटलीचे घेतले, दोन दिल्या.

त्यातली एक मागच्या शनिवारी उघडली. मागच्या लेबलवर शाईने देगोर्जमाँची तारीख लिहिलीय, म्हणजे गाळ काढून शेवटचं बूच कधी मारलं ती. जूनची होती. बाटलीला विसावा मिळून सहा महिने होऊन गेले होते, म्हणून धीर केला. बुचाच्या तारेला सहा अर्धे वेढे. एका हाताने बूच धरून बाटली फिरवली, नुसता उसासा टाकल्यासारखा आवाज आला. रंग फिका, जवळजवळ पाण्यासारखा. पहिला घोट कडक आंबट. माझी बायको म्हणाली, "आवळा." तोच शब्द मी शोधत होतो. कच्च्या आवळ्याचा तुकडा चावून वर पाणी प्यायलं की जी उशिरा गोडी येते, ती या बाटलीत गिळल्यानंतर दहा सेकंदांनी येते. मध्ये काही नाही, पेर नाही, बदाम नाही, नानकटाई नाही. आंबट, थंड, आणि मागाहून गोड.

विलमार हिच्यापेक्षा चांगली वाइन आहे, यात मला शंका नाही. पण 2018 च्या बाटल्या पिताना त्या सालात काय झालं हे मला आधीच वाचून माहीत होतं, मी ते चवीत शोधत होतो. इथे उलटं झालं. त्या दहा-बारा ओळी, वारा, उशिरा आणि जेमतेम पिकलेला माल, सगळं घोटातून समोर आलं. सालांच्या तक्त्यांत 2021 ला कमी गुण असतात आणि ते गुण कंपन्यांसाठी बरोबरही असतील. पाच हेक्टरवाल्याच्या बाटलीला मी आता ते लावणार नाही. वहीतला 'साल: उत्तम / बरं / वाईट' हा रकाना खोडला आणि त्या जागी 'काय वाचलं, कसं वाचलं' असं लिहिलं. मागच्या सहा नोंदींतही तो रकाना भरायचाय, त्यासाठी तिघांना पत्रं टाकलीत.

अण्णांना फोन केला होता. परवा रात्री पारा पाचच्या खाली गेला, ते आणि धाकटा भाऊ दोघं जागे होते. 2021 चं सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "त्या बाईंनी फवारणी कशाची केली होती?" तांब्याची आणि गंधकाची, मी म्हटलं. "बोर्डोच की मग," ते म्हणाले, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, आणि खर्च किती आला ते विचारून ठेवायला सांगितलं.

दुसरी 2021 कपाटात खालच्या फळीवर आडवी ठेवलीय, गळ्यात चिठ्ठी बांधून: 2028 च्या आत हात लावायचा नाही. आठवी बाटली रविवारी. बाईंची 2019, त्याच उतारावरची, म्हणजे ओळी त्याच आणि साल वेगळं. फ्रिजमध्ये जागा नाही म्हणून बाल्कनीत ठेवणार आहे. बाहेर तीन अंश आहे.