आतली बी.ए., आतलं सुतारकाम

आत, म्हणजे तुरुंगात असताना मी बी.ए. झालो हे कळलं की लोक हटकून एकच विचारतात, "अभ्यासाला वेळ मिळायचा का?" वेळ सोडला तर आमच्याकडे दुसरं होतं काय! घोडं अडायचं ते कागदांवर. म्हणून इथे अभ्यासापेक्षा कागदांबद्दलच जास्त लिहितोय. ज्यांचं कुणी आत आहे, त्यांना तेच उपयोगी पडेल.

गुन्ह्याबद्दल लिहीत नाही. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम 304 भाग 2, म्हणजे सदोष मनुष्यवध, आणि सक्तमजुरी, एवढं पुरे. खटला चालू होता तोवर मी न्यायाधीन बंदी, म्हणजे बोलीभाषेत कच्चा. त्या काळात ना शाळा, ना कारखाना. आज जामीन होईल की उद्या तारीख लागेल याचा भरवसा नाही, मग अशा माणसाला कामावर घेणार कोण? देशातल्या तुरुंगांत चारातले जवळजवळ तीन जण असे कच्चेच आहेत. पुनर्वसनाच्या बातम्या वाचताना हे डोक्यात ठेवा. बातमीत फोटो येतात ते उरलेल्या चौथ्याचे.

शिक्षा लागली, मध्यवर्ती कारागृहात बदली झाली, आणि गुरुजी भेटले. कारागृहात शिक्षकाचं पद असतं. त्यांना झाडून सगळे गुरुजीच म्हणतात, जेलरसाहेबसुद्धा. नव्या बंद्यांच्या यादीत 'शिक्षण: बारावी' पाहून त्यांनी बोलावून घेतलं. "बारावी करून बसलास ना? मग मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भर." नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची आणि इग्नूची केंद्रं राज्यातल्या बऱ्याच कारागृहांत आहेत. इग्नू बंद्यांकडून फी घेत नाही, पण मला मराठीतून शिकायचं होतं, म्हणून नाशिकचं धरलं.

बारावीची गुणपत्रिका घरी पेटीत सापडली. शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे टीसी, मात्र मी कधी काढलाच नव्हता. धाकटा भाऊ आणायला गेला. तिथले क्लार्क म्हणाले, "ज्याचा दाखला त्याला पाठवा." भावाने सांगितलं, दादा मुंबईला असतो, सुट्टी मिळत नाही. "मग दिवाळीत येऊ द्या." भाऊ मुलाखतीला, म्हणजे तुरुंगातल्या भेटीला आला आणि काचेपलीकडून म्हणाला, "खरं सांगून टाकू का?" गावात सगळ्यांना ठाऊक होतंच, पण ठाऊक असणं वेगळं आणि शाळेच्या टेबलावर तुरुंगाचा गोल शिक्का ठेवणं वेगळं. ज्या सरांनी मला शिकवलं ते अजून तिथेच होते. मी त्या मुलाखतीत हो म्हटलं नाही.

गुरुजींनी दोन दिवस काही विचारलं नाही. मग स्वतःच अर्ज लिहून आणला. मी अमुक कारागृहात शिक्षा भोगत असल्याने स्वतः येऊ शकत नाही, तरी दाखला माझ्या भावाच्या हाती द्यावा. खाली माझी सही आणि अधीक्षकांचा शिक्का. "सही कर. प्रवेशाची मुदत थांबत नाही." केली. दाखला मिळाला, आणि सोबत सरांनी भावाकडे दोन वह्या दिल्या. त्या गेटवर तपासून, पानं मोजून आत आल्या.

कार्यक्रमाला पाहुणे आले की भाषणात मंडाले येणारच. टिळकांनी तुरुंगात ग्रंथ लिहिला, तुम्हीही सदुपयोग करा! मागे बसलेला आमचा एक परभणीकर दरवेळी पुटपुटायचा, "त्यांना कुठं टीसी मागितली होती."

अभ्यास बॅरकमध्येच. संध्याकाळी लवकर जेवण आणि मग बॅरकला कुलूप, ते थेट सकाळी उघडायचं. दिवे रात्रभर जळतात. झोपणाऱ्याला शिक्षा, वाचणाऱ्याला सोय. टीव्ही बंद झाल्यावर वाचायचो. अर्थशास्त्र डोक्यावरून जायचं, ते एका बँकवाल्या काकांनी समजावलं. ते कशासाठी आत आले होते हे आम्ही विचारत नसू, पण व्याजाचं गणित त्यांच्याइतकं कुणालाच येत नव्हतं. परीक्षा आतच झाली, पर्यवेक्षक बाहेरून आले. कॉपी अजिबात नाही. आमच्यापेक्षा जास्त झडती बाहेरच्या कुठल्या परीक्षार्थीची होत असेल?

पदवी पूर्ण झाली की 90 दिवसांची विशेष माफी मिळते, म्हणजे शिक्षा तेवढी कमी होते. पुष्कळ जण तेवढ्यासाठीच नाव घालतात, असं नाक मुरडून बोललं जातं. घालू देत की. बाहेरची मुलं नोकरीसाठीच शिकतात, त्यांना कुणी नावं ठेवत नाही. माझ्याही डोक्यात आधी ते 90 दिवसच होते.

दिवसा कारखाना. सुतारकाम, शिवणकाम, हातमाग, लोहारकाम असे विभाग असतात. माझ्या वाट्याला सुतारकाम आलं. सरकारी कचेऱ्यांची टेबलं, कपाटं, देव्हारे. सगळं सागवान, सगळं भरीव. रंधा धरायला शिकण्यातच पहिला पावसाळा गेला. काम सुटायच्या वेळी हत्यारं मोजून परत करायची. एक पटाशी कमी भरली की ती सापडेपर्यंत सगळा विभाग बसून. त्यामुळे हत्यार वापरून झालं की जागेवर ठेवायची सवय हाडात भिनली. आमच्या घरच्यांना त्याचा आता त्रास होतो.

मजुरी अकुशल, अर्धकुशल, कुशल अशी. 2023 च्या ऑगस्टमध्ये कुशल बंद्याची रोजची मजुरी 67 रुपयांवरून 74 झाली. बाहेरच्याला हसू येईल. पण त्यातून कँटीन भागवून घरी मनीऑर्डर करता येते, आणि ती घेताना आई पोस्टमनला चहा देते, हे भाऊ सांगायचा. त्याच मजुरीवर कर्जही निघतं. 1 मे 2022 ला राज्य सहकारी बँकेने येरवड्यात 'जिव्हाळा' योजना सुरू केली. 50 हजारांपर्यंत कर्ज, 7 टक्के व्याज, तारण नाही, हप्ता मजुरीतून. मला ही योजना मोठी वाटते. आत बसून पोराची फी भरता आली तर माणूस घरात कर्ता म्हणून उरतो.

सुटताना मी तीन गोष्टी मागून घेतल्या: पदवीचे कागद, कारखान्यात काय काम केलं त्याचं पत्र, आणि बँकेतल्या खात्याचा तपशील. सुटकेच्या दिवशी कुणाला सुचत नाही. पाय गेटकडे ओढत असतात. आधीच अर्ज देऊन ठेवा. जिल्ह्याच्या परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याचं कार्यालय कुठे आहे तेही विचारून ठेवा. सुटलेल्यांच्या मदतीच्या योजना तिथून चालतात आणि हे आत फारसं कुणाला माहीत नसतं.

बाहेर आल्यावर पदवीचा उपयोग झाला नाही, स्पष्टच सांगतो. जिथे पदवी मागतात तिथे पोलिसांची चारित्र्य पडताळणीही मागतात. एका फर्निचरच्या कारखान्यात मालकांना पहिल्याच भेटीत पत्र दाखवलं. त्यांनी ते नीट वाचलं, घडी घालून परत दिलं, आणि "कळवतो" म्हणाले. पुढे एका ठेकेदाराने विचारलं ते फक्त, "मापात चूक करत नाहीस ना?" तिथे लागलो.

पण तिथे सागवान कुठे? प्लायवूड, सनमायका, बिजागऱ्या, आणि कडा चिकटवणारं मशीन. माझं भरीव लाकडातलं कसब बघून पोरं मला आजोबा म्हणायची. कुशल म्हणून गेलेला मी हेल्परच्या रोजावर पुन्हा शिकलो. आतल्या कारखान्यात एवढं एक मशीन बसवलं असतं तर पुष्कळांचं ते पहिलं वर्ष वाचलं असतं.

एकदा ठेकेदाराकडे वाड्यातल्या जुन्या कपाटाचं काम आलं. प्लायवूडवाल्यांपैकी कुणी हात लावेना. मी लावला. तेव्हापासून तशी कामं माझ्याकडे वळतात: झोपाळे, पेट्या, देव्हारे. आता स्वतःचा छोटा गाळा आहे. प्लायवूडचं काम घेतोच, पण सागवानाचं असेल तर दर वेगळा सांगतो.