पातळ कट जाड का लागतो
सोलापुरात मे महिन्यात बाहेर ऊन मी म्हणत असतंय, त्यामुळं दुपारी पोरं पूल पार्लरच्या एसीत पडीक. पातळ कट, म्हणजे बॉल तिरका पाठवायला पांढऱ्या बॉलनं (व्हाईटनं) त्याच्या कडेला मारायचा शॉट, हुकला की मागनं आवाज येणारच, "जाड मारलास की बे!" म्हणजे व्हाईट कडेला लागायच्या ऐवजी मध्याकडं लागला. निदान बरोबर असतंय, पण जाड का लागला ते कोण सांगत नाय.

कारण बहुतेकजण बॉलवर जिथं लागायला पाहिजे त्या ठिपक्यावरच क्यूची (काठीची) रेघ धरतात. सरळ शॉटला चालतंय. कटला व्हाईटचा मध्य तिथं पोचतच नाही, त्याआधीच त्याची बाजू बॉलला भिडते, मग जाड लागणारच. नेम धरायचा तो ठिपक्याच्या मागं, पॉकेटच्या रेषेत, अर्धा बॉल सोडून. पूलचा बॉल ५७.१५ मिमीचा, म्हणजे साडेअठ्ठावीस मिमी मागं. टेबल रिकामं असलं की तिथं खरंच एक बॉल चिकटवून ठेवा, व्हाईटच्या मागं उभारून नीट बघा, मग काढा आणि मारा. ३० अंशाच्या कटला (व्हाईटच्या रेषेपासून समोरचा बॉल ३० अंश वळतो तो) नेम बरोबर बॉलच्या कडेवर येतो, हा एक शॉट डोळ्यात बसला की बाकीचे त्याच्यावरनं मापता येतात.

खरी गोची पुढं. सरळ शॉटला व्हाईट १ मिमी सरकून लागला तर समोरचा बॉल १ अंश चुकतो, ६० अंशाच्या कटला २, आणि ७५ ला जवळजवळ ४, म्हणजे पॉकेट मीटरभर लांब असलं तर सात सेंटीमीटरचा घोळ, मग हात कितीबी चांगला असू दे.

त्यात बॉलला बॉल घासतो, हळू मारलेल्या कटला बॉल त्यामुळं अजून जाड जातो, आणि नेमका तिथंच चॉकचा (क्यूच्या टोकाला लावायच्या खडूचा) डाग असला तर विचारू नका. कापड मागून बॉल पुसा, पार्लरवाला तोंड वाकडं करतो, करू दे. कटच्या बाहेरच्या बाजूची थोडी साईड (व्हाईटला मध्याच्या बाजूला मारून दिलेली फिरकी) दिली की हे घासणं कमी होतं खरं, पण साईडनं व्हाईटच रेघ सोडतो, त्यामुळं नवीन पोरांनी त्या भानगडीत पडू नये असं माझं मत.

आणि हळू तरी किती मारणार, ६० अंशाला समोरच्या बॉलला व्हाईटचा निम्माच वेग मिळतो. व्हाईट मात्र फारसा थांबत नाही, तो कुठल्या पॉकेटकडं पळणार ते आधी बघून घ्या. ७५ च्या वरचा कट असला तर मी गुमान सेफ्टी (बॉल पॉकेटात न घालता पुढच्या खेळाडूला अवघड जाईल असा शॉट) खेळतो, बॉल पॉकेटच्या तोंडाशी असला तरच मारतो.