पाहुण्यांनी नाव बदललेला वाडा

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या मकास्सरमध्ये कुणालाही विचारा, "इथला जुना राजवाडा कुठे बघायला मिळेल?" उत्तर एकच येतं : सुंगुमिनासाचा बाल्ला लोम्पोआ. शहराला लागूनच आहे. १९३६ साली बांधलेला, लाकडी, खांबांवर उभा, आणि आता संग्रहालय झालेला. आम्हीही आधी तिथेच गेलो. पण तो गोवाच्या राजांचा. हो, राज्याचं नाव गोवाच. आपल्या गोव्याशी त्याचा काही संबंध नाही. हे गोवा मकास्सर लोकांचं, आणि मला बघायचा होता बुगिसांचा वाडा, वाताम्पोने गावातला बोला सोबा. दोघं सख्खे शेजारी, पण भाषा वेगळी. मकास्सर घराला बाल्ला म्हणतात, बुगिस म्हणतात बोला.

म्हणून २०१९च्या ऑगस्टमध्ये पहाटे भाड्याच्या गाडीत बसून आम्ही दोघं वाताम्पोनेला निघालो. पावणेदोनशे किलोमीटर, पाचेक तास. मारोस सोडलं की भातखाचरांतून चुनखडीचे काळे सुळके थेट वर उठतात, आणि मग चांबाचा घाट. आंबा घाटात लहानपणी उलट्या केलेल्या माणसाने याबद्दल अधिक लिहू नये.

वाताम्पोने म्हणजे बोने राज्याची राजधानी. परंपरेप्रमाणे या राज्याची सुरुवात १३३०ची. दरवर्षी ६ एप्रिलला बोनेचा वाढदिवस साजरा होतो. पहिला राजा 'मानुरुंग', म्हणजे वरून उतरलेला. चौकात पुतळा आहे तो अरुंग पालाक्काचा. सतराव्या शतकात बोने गोवाच्या टाचेखाली होतं, तेव्हा हा माणूस डचांना जाऊन मिळाला. १६६७मध्ये गोवाच्या सुलतान हसनुद्दीनला बोंगायाचा तह करावा लागला, १६६९मध्ये सोंबा ओपुचा किल्ला पडला आणि बोने दक्षिण सुलावेसीतलं सगळ्यांत बलाढ्य राज्य झालं. मकास्सरमध्ये विमानतळाला हसनुद्दीनचं नाव, इथे चौकात अरुंग पालाक्का. एकाच लढाईतले दोन शत्रू, पाच तासांच्या अंतरावर दोघेही नायक. आमच्या ड्रायव्हरला याबद्दल विचारलं तर तो नुसता हसला आणि गाणं मोठं केलं.

वाडा मात्र अरुंग पालाक्काच्या काळातला नाही. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, राजा ला पावावोई कारायेंग सिगेरीच्या वेळचा. पुढे त्यात त्याचा मुलगा राहायला आला : बासो पागिलिंगी अब्दुल हमीद, पदवी पेत्ता पोंगावाए, म्हणजे सरसेनापती. त्या काळी याला बोला सोबा कुणी म्हणत नव्हतं. हा होता साओराजा. ऐकून आपला 'राजा' आठवतो, पण बुगिस भाषेत यातल्या 'राजा'चा अर्थ मोठा. बुगिसांमध्ये साध्या माणसाचं घर ते बोला आणि राजघराण्यातल्याचं ते साओराजा. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

समोरून पाहिल्यावर पहिल्यांदा जाणवते ती लांबी. सगळं मिळून जवळपास ४० मीटर. पुढे लेगो-लेगो, म्हणजे आपली ओटी. मग मुख्य घर. मग एक अरुंद जोडमार्ग आणि त्याच्या टोकाला स्वयंपाकघर. आगीच्या भीतीने चूल मुख्य घरापासून लांब ठेवली असावी, असं मला तेव्हा वाटलं होतं. ते वाक्य आता लिहिताना बोचतं.

चपला काढून वर गेलो. देखभाल करणारे गृहस्थ, त्यांना सगळे नुसतं 'पाक' म्हणत होते, आमच्याबरोबर फिरू लागले. माझी इंडोनेशियन भाषा मोडकीतोडकी, पण अडत नव्हतं. राजवाड्याला ते 'इस्ताना' म्हणतात, तो शब्द आला आपल्या 'आस्थाना'वरून. घर बांधणारा मुख्य सुतार 'पानरिता बोला'. यातला पानरिता म्हणजे पंडित! सुताराला पंडित म्हणणाऱ्या लोकांबद्दल माझं मत तिथल्या तिथे चांगलं झालं.

बुगिस घराचे थर तीन. माळा तो राक्केआंग, तिथे भात साठवतात. मधला आले बोला, माणसांचा. खालची मोकळी जागा जनावरांची, होड्या-जाळ्यांची, मागावर बसणाऱ्या बायकांची. विश्वही असंच तीन मजली : वर बोत्तिंग लांगी, मध्ये माणसांचं जग, आणि खाली पेरेतिवी. म्हणजे पृथ्वी. आपल्या पायाखालची पृथ्वी तिकडे पाताळ झाली आहे. 'ला गालिगो' या बुगिसांच्या प्रचंड महाकाव्यात वरच्या जगातून पहिला माणूस खाली पाठवतात, त्याचं नाव बातारा गुरू. या काव्याची हस्तलिखितं २०११मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेली. मुख्य बारा खंड मात्र आहेत नेदरलँड्समधल्या लायडेनला. कोल्लिक पुजिए नावाच्या राजघराण्यातल्या विदुषीने एकोणिसाव्या शतकात एका डच अभ्यासकासाठी ते तयार केले होते.

घरालाही बेंबी असते. पोसी बोला, म्हणजे बेंबीचा खांब. घर उभारताना त्याचे विधी आधी होतात. मी विचारलं, यातला तो कुठला? पाकनी एका खांबावर तळवा टेकवला आणि काही बोलले नाहीत. मीही हात लावला. लाकूड थंडगार होतं, बाहेर मरणाचं ऊन असूनही.

खाली उतरल्यावर त्यांनी दर्शनी त्रिकोणाकडे बोट केलं. छपराच्या पुढच्या त्रिकोणात आडव्या पट्ट्या एकावर एक चढवलेल्या असतात, त्याला तिंपा लाजा म्हणतात. पट्ट्यांवरून घरातल्या माणसाचा दर्जा कळतो. राजाला पाच, त्याखाली उतरती भाजणी. सांगतात की या वाड्याला आधी पाच होत्या. सेनापती राहायला आल्यावर एक कमी केली. पोटचा मुलगा, बापाने दिलेलं घर, तरी पट्टी एक कमी. हिशोब म्हणजे हिशोब.

१९०५मध्ये डच आले, या वेळी मित्र म्हणून नाही. बोनेची बंदरं आणि जकात त्यांना हवी होती. लढाई काही महिने चालली. डोंगरात माघार घेतलेला पेत्ता पोंगावाए मारला गेला आणि म्हाताऱ्या राजाने शस्त्र खाली ठेवलं. या पाडावाला बुगिस 'रुंपाना बोने' म्हणतात : बोनेचं कुंपण मोडलं. कुंपण म्हणजे तो मुलगा. ज्या डचांच्या खांद्यावर बसून बोने मोठं झालं, त्यांनीच अडीचशे वर्षांनी हिशोब मिटवला. राजाला बांडुंगला हद्दपार केलं. १९११मध्ये तो बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात वारला.

मी रत्नागिरीची. परक्या मुलखात नेऊन ठेवलेला राजा ही गोष्ट मला पुस्तकातून शिकावी लागली नाही. थिबा पॅलेसच्या आवारात आम्ही सायकल शिकलो. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी आमच्या गावी आणून ठेवलं, त्याच्यासाठी १९१०च्या सुमारास तो महाल बांधला, आणि १९१६मध्ये तो तिथेच गेला. म्हणजे ला पावावोई बटाव्हियात शेवटचे दिवस मोजत होता, तेव्हा थिबा आमच्या खाडीकडे बघत बसला होता. मला आजवर दिसली होती ती फक्त राजा नेतात ती जागा. वाताम्पोनेत पहिल्यांदा दिसली ती त्याला जिथून नेतात ती.

रिकाम्या साओराजात डचांनी मुक्काम ठोकला आणि पुढे तो त्यांच्या पाहुण्यांचं विश्रामगृह झाला. तेव्हापासून त्याचं नाव बोला सोबा. मैत्रीचं घर, असा अर्थ तिथे फलकावर मोठ्या कौतुकाने सांगितला होता. मला तो गोड वाटला नाही. साओराजाचा बोला झाला, राजवाड्याचं घर झालं, आणि मैत्री कुणाची कुणाशी हे विचारायला घरचं कुणी उरलं नव्हतं. पण आता ते नाव लोकांचंच आहे. पाक ते ज्या मायेने उच्चारत होते, त्यापुढे माझा राग पोकळ होता.

शिवाय हा वाडा मूळ जागेवरही नव्हता. एकाहून अधिक वेळा हलवून १९८०च्या सुमारास तो ला तेनरितात्ता रस्त्यावर आला. ला तेनरितात्ता हे अरुंग पालाक्काचंच नाव. बुगिसांना यात नवल नाही. लाकडं एकमेकांत कुसवून बसवलेली, सोडवली की पुन्हा जोडता येतात. साधं घर तर न सोडवताच हलवतात : खाली बांबू बांधायचे, गावातल्या पुरुषांनी खांदा द्यायचा आणि अख्खं घर उचलून चालू लागायचं. याला मापालेत्ते बोला म्हणतात. त्या दिवशी बायका रांधतात, आणि घर नव्या जागी टेकलं की पंगत.

दुपारी आम्ही बारोंगको खाल्लं. केळं, अंडी, नारळाचं दूध, साखर, सगळं केळीच्या पानात घालून उकडलेलं. पूर्वी हे खानदानी लोकांचं पक्वान्न होतं म्हणे. पान उघडल्यावर जो वास आला तो थेट नागपंचमीच्या स्वयंपाकघरातला.

मार्च २०२१मध्ये ड्रायव्हरने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. सोबत एक शब्दही नाही. बोला सोबा पेटला होता. लाकडाचं घर जळतं तेव्हा खांब सर्वांत शेवटी पडतात, हे मला त्यात दिसलं.

त्या रात्री मी जुने फोटो काढून बसले. ओटीचे आहेत, खिडक्यांचे आहेत, पाकबरोबर आमच्या दोघांचा आहे. तिंपा लाजाचा एकच आहे, खालून घाईत काढलेला. त्यात पट्ट्या मोजल्या. तीन स्पष्ट दिसतात. त्याच्या वर फोटो संपतो.