मामा, तुम्ही विचारलंत म्हणून: इन्क्विझिशन विसरलीस का?

लग्नकार्यात, चवथीला, दर वेळी तोच प्रश्न. ज्या पोर्तुगिजांच्या राज्यात मंगेशाला १५६० साली कुशस्थळीहून नदीपार प्रियोळला न्यावं लागलं, त्यांचा ख्रिस्ती धर्म तू शिकूनसवरून कसा घेतलास?

विसरले नाही. त्याच वर्षी इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, गोव्यात आलं, मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत राहिलं, आणि ते पाप होतं. पण मामा, पाप कशाच्या बळावर म्हणायचं? राजाचा कायदा त्यांच्याच बाजूने होता, चर्चही. नीती म्हणजे समाजाने ठरवलेले नियम, असं कॉलेजात मीच छातीठोकपणे सांगायचे. मग त्या सत्ताधाऱ्यांचं चुकलं काय? त्यांना चूक ठरवणारा कायदा राजाच्या आणि चर्चच्याही वरचा हवा.

मला हे पटलं डिचोलीत, खाणी बंद व्हायच्या आधी. शेजारणीचा नवरा खनिजाच्या ट्रकखाली गेला. तो दारू पिऊन रस्त्यात आला, असा कागद तयार होता. तिला वाचता येत नव्हतं म्हणून तिने मला सोबत नेलं. कंत्राटदार, गावातली दोन वजनदार माणसं, तिचा सख्खा दीर. टेबलावर रबर लावलेली नोटांची गड्डी, शेजारी उघडं शाईपॅड. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ते दारूला शिवत नव्हते." दीर म्हणाला, "तो आता परत येणार आहे का? पोरांचं बघ." सगळ्यांचं एकमत होतं. तिने अंगठा मुठीत धरला आणि डाव्या हाताने कागद परत सरकवला. गड्डीसुद्धा. मेलेल्या माणसाचं काहीतरी देणं होतं, आणि ते माफ करायचा अधिकार त्या खोलीत कुणालाच नव्हता.

टोळी टिकावी म्हणून नीतीची भावना उपजली, असं मी पूर्वी म्हणायचे. पण तिथली टोळी तर अंगठाच मागत होती.

यावरून ख्रिस्त सिद्ध होतो का? नाही होत. जर्मन तत्त्वज्ञ कांटनेही ईश्वराला नीतीसाठी गृहीत धरलं, सिद्ध केलं नाही. धर्म राजाहून मोठा हे आपल्याकडेही आहेच की, असं आई म्हणाली. तिला माझ्याकडे चोख उत्तर नव्हतं, आजही नाही. मला ओढलं ते एवढ्यानेच, की खोट्या साक्षी उभ्या करून ज्याला मारलं, त्यालाच इथे देव मानतात. त्याचंच नाव घेऊन गोव्यात माणसं छळली, हे मला गिळता येत नाही आणि गिळायचंही नाही.

राग सोडा, असं मी तुम्हाला कधीच म्हणणार नाही. तो तुमच्या पसंती-नापसंतीपेक्षा मोठा आहे असं तुम्हीही मानता ना? मग तो कशावर उभा आहे, ते मला सांगा.